तिरफळांच्या डब्यातल्या गोळ्या

मला जो आजार झाला त्याचं नाव मेलिओइडोसिस. ते नीट उच्चारायला मला तीन आठवडे लागले, आणि तोवर निम्मा आजार भोगूनही झाला होता. मी काही लिहिणारी बाई नव्हे. मालवणात आमची सहा टेबलांची खाणावळ आहे, आणि दारातल्या फळ्यावर खडूने 'सुरमई संपली' असं लिहिणं एवढंच माझं आजवरचं लेखन. पण गोव्याच्या ज्या मोठ्या इस्पितळात मी दोनदा राहून आले, तिथले डॉक्टर म्हणाले, "तुम्ही लिहा. आमचं लोक ऐकतात आणि दाराबाहेर गेले की विसरतात." म्हणून लिहायला बसले.

औषधांची नावं आणि मात्रा यात शोधू नका, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी काय चूक केली ते मात्र सगळं सांगणार आहे. ती सांगताना मला आजही लाज वाटते, पण आपल्याकडची दुसरी कुणी बाई तीच चूक अगदी सहज करील, म्हणून लाज बाजूला ठेवते.

चिखल

पावसात पर्यटक नसतात, तेव्हा खाणावळ बंद ठेवून आम्ही आत गावाला भातशेतीला जातो. शेतात अनवाणीच उतरायचं. पहिली रोपं लावण्याआधी ज्या जमिनीला वाकून नमस्कार करतो, तिच्यात चपला घालून उतरायचं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. त्या वर्षी लावणीत माझ्या टाचेत कौलाचा तुकडा घुसला. तो काढला, हळद-खोबरेल लावलं आणि पुन्हा चिखलात उतरले. मला सात वर्षं मधुमेह आहे, आणि पायाची जखम सांभाळा असं मला सांगितलेलंही होतं. पण लावणी कुणासाठी थांबते का?

हा जंतू मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो आणि अशा जखमेतून आत शिरतो, हे मला फार नंतर कळलं. गणपतीच्या सुमारास ताप सुरू झाला. आधी वाटलं, दमणुकीचा आहे. मग खोकला आला. दोन महिन्यांत ब्लाउज इतके सैल झाले की सासूबाईंनी सगळ्यांना टाके घातले. छातीचा फोटो बघून एका डॉक्टरांनी क्षयाचा संशय घेतला. त्यांना दोष देत नाही, फोटो तसाच दिसतो म्हणे. पण ताप काही हटेना. शेवटी यजमानांनी गाडी केली आणि मला गोव्याला नेलं.

तो दिवस

रक्त तपासायला देऊन चार दिवस झाले होते. डॉक्टर आले, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. डॉक्टर बसले की काहीतरी मोठं असतं, एवढं मला कळतं.

त्यांनी विचारलं, "शेतात काम करता का तुम्ही?"

मी मनात म्हटलं, अहो, तापाचं बोला, शेताचं काय काढलंत? पण त्यांनी टाच बघितली, साखरेचे कागद बघितले आणि मग ते लांबलचक नाव सांगितलं. बरेच दिवस शिरेतून औषध, आणि घरी गेल्यावर कित्येक महिने सकाळ-संध्याकाळ गोळ्या.

"मी मरणार काय?" मी सरळ विचारलं. मी अशीच आहे. मासळी ताजी आहे का हेसुद्धा मी सरळच विचारते.

"उपचार केले नाहीत तर हो. पूर्ण केले तर बहुतेक नाही."

ते 'बहुतेक' मी रात्रंदिवस चघळत बसले. यजमान मात्र बाहेर जाऊन फोनवर आईला सांगत होते, "बरी जातली म्हणान सांगलां हा डॉक्टरांनी." त्यांनी 'बहुतेक' गाळून टाकलं होतं.

वॉर्ड

वॉर्डात पहाटे दिवे लागतात आणि कुणीतरी थर्मामीटर घेऊन येतं. मग रक्त, मग साखर, मग पहिली बाटली. दहाव्या दिवसापर्यंत माझ्या दोन्ही हातांत शीर शिल्लक राहिली नाही. एक सिस्टर होती, सुई टोचण्याआधी माझा हात स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरून चोळून गरम करायची आणि तेवढ्या वेळात मला बांगड्याच्या तिखल्याची कृती विचारायची. पाच वेळा विचारली असेल. तिला कृती नको होती, हे मला घरी गेल्यावर उमगलं. देव तिचं भलं करो.

भीती दुपारी यायची. समोरच्या खाटेवरची बाई एका दुपारी गेली. तिचा आजार वेगळा होता, पण तिची खाट पुसून घेताना मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. यजमान माझ्या पायांवर हात ठेवून बसले होते. ते बोलत नाहीत फारसे, पण त्या दुपारी त्यांनी हात काढला नाही.

रेश्मा

एके दिवशी एक मुलगी फाइल घेऊन आली. वाटलं, पुन्हा रक्त. पण ती म्हणाली, "काकी, माका रगत नको. तुमचे जंतू होये."

ही रेश्मा. सावंतवाडीकडची, प्रयोगशाळेत संशोधन करणारी. माझ्या रक्तातून वाढवलेले जंतू त्यांच्याकडे होतेच, ते कामासाठी ठेवून घ्यायला तिला माझी सही हवी होती. कागदावर माझं नाव राहणार नव्हतं, नुसता नंबर. मी म्हटलं, "ने गो, सगळे ने. एकय परत हाडू नको."

ती हसली, मग स्टुलावर बसून तिने मला सगळं समजावलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेव्हा डोक्यावरून गेलं होतं, ते मालवणीत लगेच कळलं.

"काकी, आपल्या रगतात पांढऱ्यो पेशी आसतत. जंतू इलो की तेका गिळतत आणि मारतत. ह्यो जंतू मातर गिळल्यावर मरना नाय. थंय आतच बिराड करता. औषध भायर फिरता, आत तितक्या पोचना नाय. म्हणान इतके म्हयने गोळये."

"मग तू काय करतंस?"

"मी प्रथिनांचे बारीक तुकडे बनवतंय, तेंका पेप्टाइड म्हणतत. बेडकाच्या कातडीत आसतत, आपल्या घामात पण आसतत, जंतूंका मारणारे. मी कॉम्प्युटरार तेंचो क्रम बदलून बघतंय. केसांत माळतत त्या वळेसरातला एक फूल हयचा थंय केला तर वळेसर वेगळो दिसता मां, तसा. एक तुकडो असो व्हयो की तो पेशीत शिरात आणि जंतूक मारीत."

"मग गावलो काय?"

"मारणारे गावले, काकी. पण ते पेशीक पण मारतत."

मी म्हटलं, घरात नाग शिरला म्हणून घर पेटवून कसं चालेल? ती म्हणाली, तेच तर. तिची दोन वर्षं त्यातच गेली होती. हे औषध तुमच्या उपयोगाचं नाही, हेही तिने स्वच्छ सांगितलं. ते माणसापर्यंत पोचायला अजून किती वर्षं लागतील ते तिलाच माहीत नव्हतं. मला तिचा तो खरेपणा आवडला. मी सही केली.

घरी

आता माझी चूक.

घरी आल्यावर सगळे खूश. गोळ्या सकाळ-संध्याकाळ यजमान स्वतः माझ्या हातावर ठेवायचे. गोळ्यांनी मळमळायचं, तोंड कडू व्हायचं. पण खरा घोळ वेगळाच झाला. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "औषधार मासो खाव नये गो, अंगार उठता." त्यांच्या लहानपणी वैद्याचा काढा घेतला की मासे बंद असायचे. मीही लहानपणापासून तेच ऐकत आले होते. डॉक्टरांना विचारावं असं मला सुचलंच नाही. जी गोष्ट माहीतच आहे ती कोण विचारतं?

पेज आणि मुगाची आमटी यांवर मी पंधरा दिवस काढले. मग खाणावळ सुरू झाली, आणि खाणावळीत कालवणाची चव मीच बघते. बघते म्हणजे बघावीच लागते. वाटण माझं, आंबट माझं, लोक त्यासाठीच येतात. मग मी माझ्या शहाणपणाने तोडगा काढला. ज्या दिवशी मासा तोंडात जाईल त्या दिवशी गोळी घ्यायची नाही. मासे आणि औषध एकत्र आलं नाही म्हणजे झालं! बुधवार, शुक्रवार, रविवार माशाचे. सोमवार, गुरुवार, शनिवार गोळीचे. मंगळवारी दोन्हीपैकी काय ते बाजारात काय मिळतंय त्यावर.

यजमानांना सांगितलं असतं तर त्यांनी मला चुलीपुढून उठवलं असतं. म्हणून सांगितलं नाही. माशाच्या दिवशी ते गोळी हातावर ठेवत, मी तोंडात टाकल्यासारखं करी, वर पाणी पिई, आणि गोळी बांगड्याच्या कालवणात घालतात त्या तिरफळांच्या डब्यात टाकी. तो डबा माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. डिसेंबरात पर्यटक वाढले तसे रोजच मासे झाले, आणि गोळीला उरला एक सोमवार, कारण त्या दिवशी आम्ही खाणावळ बंद ठेवतो.

मला बरं वाटत होतं हो. भूक लागत होती, वजन वाढत होतं. एवढं बरं वाटत असताना आत कुणी बिऱ्हाड करून बसलंय हे कसं पटावं?

पुन्हा

जानेवारीत एका सकाळी भात शिजत असताना मला हुडहुडी भरली. चुलीपुढे बसून थंडी वाजते म्हणजे काय ते मी ओळखलं. या वेळी यकृतात गाठ झाली होती. तीच गाडी, तेच इस्पितळ, दोन खाटा सोडून तीच खिडकी.

जंतू तोच निघाला, पहिल्या वेळचा. डॉक्टर बुचकळ्यात पडले. प्रयोगशाळेत त्या गोळीच्या औषधाने हा जंतू सरळ मरत होता. मग पोटात गोळ्या जात असताना तो जगला कसा? औषध बदलावं लागेल, दुसरं जास्त कडक आहे, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवावं लागेल, असं त्यांचं बोलणं चाललं होतं.

दुपारी भेटीच्या वेळेत रेश्मा आली. तिच्याकडे पुन्हा एक कागद होता. यजमान शेजारी बसले होते.

"काकी, गोळये सगळे घेतलास मां?"

माझ्याआधी यजमानच बोलले. "माझ्या हातान दिलंय. एकय चुकाक नाय."

तिने लिहिलं. मग डोळे मोठे करून मला म्हणाली, "तुमचो जंतू लय खास आसा, काकी. पुरो औषधोपचार करून जगलेलो. म्हणजे तो आत खूपच खोल लपता. आता माझी पुढची दोन वर्षां ह्याच जंतूवर."

मी तिच्या पेनाकडे बघत होते. आपल्या एका खोटेपणावर या पोरीची दोन वर्षं उभी राहणार. आणि वर माझ्याच मूत्रपिंडांवर नको ते औषध येणार. यजमानांकडे बघायची हिंमत होत नव्हती, म्हणून कागदाकडे बघूनच म्हटलं, "रेश्मा, ता खोडून टाक. मी गोळये घेतलंय नाय."

कुणालाच कळेना. मग मी सगळं सांगितलं. वार, मासे, तिरफळांचा डबा. यजमानांनी तिथूनच घरी फोन लावला. सासूबाईंनी डबा उघडला आणि फोनवरच त्यांचा आवाज बसला. "अरे, मूठभर आसत रे! दोन मुठी आसत!" मग माझ्याशी बोलायला मागितलं आणि म्हणाल्या, "माझ्याच जिभेक हाड नाय गो." मी म्हटलं, "आये, तुमी सांगलास ता तुमका म्हायती होता. मी डॉक्टरांका इचारूक होया होता."

रेश्माने त्या ओळीवर रेघ मारली. तिचा चेहरा उतरला असेल म्हणून मी मान वर करत नव्हते. पण ती म्हणाली, "काकी, तो लपणारो आसाच. नायतर अर्ध्या गोळयांत तरी मेलो असतो. आता माझ्याकडे पयलो पण आसा आणि दुसरो पण, आणि मधी काय जाला ता खरां म्हायती आसा. असां कोण सांगना नाय." ती बरं वाटावं म्हणून बोलली की खरंच, मला ठाऊक नाही. पण जाताना तिने माझ्या कपाळावर हात ठेवला, मी तिची आई शोभेन एवढी असून.

संध्याकाळी डॉक्टर आले. मला वाटलं, आता झाडतील. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बरं झालं बोललात. औषध बदलत नाही. तेच चालेल. फक्त ते पोटात गेलं पाहिजे."

"आणि मासे?" मी हळूच विचारलं.

ते गोव्याचे. पोट धरून हसले. "बाई, तुम्हाला ताकद हवी आहे. मासे खा! मी स्वतः दुपारी मासे खाऊनच तुमच्या गोळ्या लिहितो!"

अबोला

हसून झालं, पण यजमान हसले नव्हते. आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सकाळी पेजेचा डबा आणायचे, उघडून द्यायचे आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसायचे. मी जंतूंना भ्याले नसेन एवढी त्या रिकाम्या स्टुलाला भ्याले. त्या दिवशी उठून जाताना तेवढं एकदाच म्हणाले होते, "माझ्या हातातसून घेतलंस, आणि माझ्याच डोळ्यांदेखत फसवलंस."

नवव्या दिवशी येऊन बसले. "कित्याक गो? मासो इतको मोठो काय?"

मी विचार करून खरं ते सांगितलं, कारण एव्हाना खोट्याची हौस फिटली होती. मासा नव्हे. मी चव बघितली नाही, तर कालवण बिघडेल, आणि लोक म्हणतील, तिचा हात गेला. आजारी बाई म्हणून कोपऱ्यात बसायची मला मरणापेक्षा जास्त भीती वाटत होती. डब्यात गोळी टाकली की तेवढा दिवस मी आजारी नसायची.

त्यांनी पेजेचा डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "माका सांगलं असतंस तर मी चव बघलंय असतंय."

"तुमका मीठ कळना नाय," मी म्हटलं. आणि आम्ही दोघं रडलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, काहीतरी वाईट रिपोर्ट आला.

दुसऱ्यांदा

दुसऱ्या खेपेचं सगळं औषध मी घेतलं. शिरेतलं संपवलं, मग गोळ्यांचे सगळे महिने. मासे खाऊन, पेज पिऊन, मळमळत, चिडत घेतल्या. मळमळीवर डॉक्टरांनी उपाय दिला. तोही मी विचारला म्हणूनच मिळाला. तुम्हालाही हेच सांगते. जे आपल्याला माहीतच आहे असं वाटतं, तेच आधी विचारा. मासे चालतील का, उपास चालेल का, सणात गोळी घ्यायची का. हसतील तर हसू देत.

लावणीला मी आता गुडघ्यापर्यंतचे बूट घालते. आधी वाकून नमस्कार करते, मग बांधावर बसून बूट चढवते. पहिल्या वर्षी बायकांनी 'इली गो फौजदारीण' म्हणून पुष्कळ उडवलं. या वर्षी त्यांतल्या दोघी स्वतः बूट घेऊन आल्या. साखरही सांभाळते, म्हणजे सांभाळायचा प्रयत्न करते.

शेवटच्या तपासणीत फोटो स्वच्छ आला. डॉक्टरांनी कागदावर सही केली आणि म्हणाले, "आता गोळ्या बंद." मी त्यांच्या पाया पडायला वाकले, त्यांनी मला मधेच धरलं. त्यांचे, त्या सिस्टरचे, दोन आठवडे रोज पहाटे मालवणहून निघून नऊच्या आत पेज पोचवणाऱ्या माझ्या माणसाचे, सगळ्यांचे उपकार माझ्यावर आहेत आणि ते फिटण्यातले नाहीत. मला फेडायचेही नाहीत. असू देत अंगावर.

फोन

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. भर दुपार, सहाही टेबलं भरलेली, बाहेर बाकावर माणसं ताटकळत होती. मी तव्यावर बोंबील सोडत होते आणि फोन वाजला. रेश्मा.

"काकी, गडबडीत आसास?"

"बोल तू."

"तुमचे जंतू," ती म्हणाली, "पेशीच्या आत शिरान मेले, काकी. नव्या पेप्टाइडान. तीन खेपे करून बघलंय. तिनय खेपे मेले."

मी तवा उतरवला. "आणि पेशी?"

"जित्यो आसत. सगळ्यो जित्यो आसत."

अजून ते काचेच्या ताटलीत आहे, माणसापर्यंत यायला फार अवकाश आहे, वाटेत फसूही शकतं, हे तिने लगेच सांगितलं. ती तशीच आहे. पण मला पुढचं नीट ऐकू आलं नाही. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागले. ज्यांनी मला पार पोखरून टाकलं होतं, ते कुण्या अनोळखी माणसाला वाचवण्यासाठी गोव्यात एका फ्रीजरमध्ये राहत होते, आणि त्यांना पहिल्यांदा कुणीतरी आत जाऊन गाठलं होतं.

यजमान हातात दोन ताटं घेऊन आले आणि मला बघून जागच्या जागी उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"कोण गेला गो?"

"जंतू," मी म्हटलं. "माझे जंतू गेले."

रेश्माने काय सांगितलं ते मी त्यांना सांगितलं. मग त्यांनी ती ताटं बाहेर नेऊन दिली, फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि परत येऊन माझ्या शेजारी उंबऱ्यावर बसले. मी मान लांब करून बघितलं. त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'दहा मिनिटं थांबा, घरात आनंदाची बातमी आहे.'

बाहेरचं एकही माणूस उठून गेलं नाही.